पाकिटावरचे "२०० कोटी जिवंत जीवाणू" मोजतात कसे?

गोदाकाठ | रविवार, सकाळी १०:१०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथे प्रोबायोटिकच्या कॅप्सूलांवरून बरीच चर्चा झाली. कुणी ५०० कोटीवाली घ्या म्हणालं, कुणी ५,००० कोटीवाली. पण हा आकडा येतो कुठून, ते कुणीच विचारलं नाही. मी २६ वर्षं औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, मायक्रोबायॉलॉजी विभागात काढली. शेवटची ११ वर्षं फक्त प्रोबायोटिकवर होते. हा आकडा रोज माझ्या सहीने बाहेर पडायचा, म्हणून लिहायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे जीवाणू एकेक करून कुणी मोजत नाही. आपण मोजतो ते त्यांनी वसवलेली वस्ती. पाकिटावर सीएफयू लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कॉलनी फॉर्मिंग युनिट. अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, टाकलेल्या एका जिवंत पेशीपासून लाखो पेशी होतात आणि त्यांचा मिळून डोळ्यांना दिसेल असा एक ठिपका तयार होतो. तो ठिपका आपण मोजतो आणि त्यावरून मागे जाऊन सुरुवातीला किती पेशी असतील ते सांगतो.

करायचं कसं? १ ग्रॅम पावडर ९९ मिली द्रावणात घालायची, की ती १०० पट पातळ झाली. त्यातलं १ मिली पुढच्या नळीतल्या ९ मिलीत, म्हणजे आणखी १० पट. असं पाचदा केलं की मूळ पावडर १ कोटी पट पातळ होते. ग्रॅमला २५० कोटी जीवाणू असतील तर शेवटच्या नळीतल्या १ मिलीत उरतात फक्त २५०. ते १ मिली पेट्री डिशमध्ये घ्यायचं, वरून ४५ अंशांच्या आसपासचं पातळ अगार ओतायचं, डिश हलकेच फिरवायची आणि गोठू द्यायची. लॅक्टोबॅसिलस या जीवाणूंसाठी एमआरएस अगार वापरतात. डी मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी ते १९६० साली बनवलं, त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. मग हवाबंद जार, आतला ऑक्सिजन शोषून घेणारी पुडी, ३७ अंश आणि ७२ तास. चौथ्या दिवशी दिव्याच्या काउंटरवर डिश ठेवून पेनाने एकेक ठिपका टिपत मोजायचं. ३० ते ३०० ठिपक्यांचीच डिश धरायची. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा हिस्सा फार मोठा होतो आणि जास्त असतील तर ठिपके एकमेकांत मिसळतात, उपाशी राहून लहान होतात.

इतकं नीट केलं तरी १०० ठिपक्यांची डिश त्याच नळीतून पुन्हा लावली तर निव्वळ योगायोगाने ८० येऊ शकतात, १२० येऊ शकतात. पिपेटच्या, वजनाच्या, माणसाच्या हाताच्या चुका आणखी वेगळ्या. म्हणून "३,२७,४५,००,०००" असा शेवटच्या अंकापर्यंतचा आकडा कुणी दिला की मला काळजी वाटते.

आता एक खरा प्रसंग. आमच्या लॅबने एका बॅचचा आकडा दिला ग्रॅमला ३२० कोटी. लेबलवर दावा होता २०० कोटींचा, म्हणजे बॅच व्यवस्थित पास. ग्राहक कंपनीने तोच नमुना बाहेरच्या लॅबमध्ये पाठवला. तिथून आले ७० कोटी. चार-पाच पट तफावत! माल परत घ्या असा निरोप आला. नमुना थंड पेटीतून गेला होता, दोन्हीकडे एमआरएसच होतं, दोन्हीकडे ३७ अंश आणि ७२ तास. ती लॅब चांगली होती, माणसं अनुभवी होती.

कुणाचं चुकलं असेल? आधी तुम्ही सांगा.

---

सदाफुली | रविवार, सकाळी ११:३२

ताई, फार उपयोगी धागा. कोड्याचं उत्तर मला येणार नाही, पण माझी अडचण सांगते. मी चंद्रपूरला असते. साडेतीन वर्षांच्या मुलाला जुलाब झाले म्हणून डॉक्टरांनी ओआरएससोबत प्रोबायोटिकचे सॅशे लिहून दिले. इथे दुकानात नव्हते, ऑनलाइन मागवले. खोकं आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ४५ अंश. खोक्याला हात लावला तर चटका बसला. आतले जीवाणू जिवंत असतील का? मुलाला देऊ की फेकून देऊ?

---

शेवटचं_सेमिस्टर | रविवार, दुपारी १२:०४

मॅडम, मी कोल्हापूरला मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करतोय. माझा अंदाज: गुठळ्या. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारखे जीवाणू माळेत राहतात, बरेच लॅक्टोबॅसिलसही साखळी करतात. दहा पेशींची माळ एकाच जागी पडली तर ठिपका एकच उठणार. तुमच्या लॅबने पावडर मशीनमध्ये नीट घुसळली असेल आणि त्यांनी हाताने हलवली असेल, तर त्यांचा आकडा कमी येणारच.

---

आंबेमोहर | रविवार, दुपारी १:१५

मला वेगळंच वाटतं. माल विकणाऱ्याची लॅब ३२० म्हणते आणि ज्याला त्या मालातून काही मिळायचं नाही ती लॅब ७० म्हणते. विश्वास कुणावर ठेवायचा हे उघड आहे. ताई, राग मानू नका, पण आम्ही पैसे मोजणारी माणसं असाच विचार करतो.

---

गोदाकाठ | रविवार, दुपारी ४:४०

@आंबेमोहर, राग कसला? माझ्या साहेबांनीही मला पहिल्यांदा हेच विचारलं होतं. त्या रात्री मला झोप आली नव्हती.

@शेवटचं_सेमिस्टर, निम्मं उत्तर बरोबर आहे. उरलेलं निम्मं शोध.

@सदाफुली, आधी बाळाचं. सॅशेच्या मागे जीवाणूचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं, ते इथे टाका. सगळं त्यावर अवलंबून आहे. तोवर ओआरएस चालू ठेवा, ते प्रोबायोटिकसाठी थांबवायचं नाही.

गरम खोक्यात काय होतं ते मात्र आत्ताच सांगते. फ्रीझ ड्राय केलेला (गोठवून वाळवलेला) लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम हा झोपवलेला जीव असतो. त्याची मरणाची गती दोन गोष्टींवर ठरते, उष्णता आणि पावडरीतली ओल. ही ओल आम्ही वॉटर ॲक्टिव्हिटीत मोजतो आणि ती ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली ठेवायला धडपडतो. जीवाणू एकदम मरत नाहीत, ठरावीक काळात ठरावीक हिस्सा मरतो, चक्रवाढ व्याजाच्या उलट. समजा एखाद्या बॅचमध्ये महिन्याला १० टक्के मरतात. मग १८ महिन्यांनी १०० तले १५ उरतील, दोन वर्षांनी ८. म्हणून कारखान्यात दाव्यापेक्षा कितीतरी जास्त भरतात. १८ महिन्यांची मुदत संपताना १०० कोटी उरायला हवेत तर याच हिशोबाने सुरुवातीला साडेसहाशे कोटींच्या वर भरावे लागतात. लेबलवर "उत्पादनाच्या वेळी" लिहिलंय की "वापराच्या मुदतीअखेर" हे म्हणूनच बघायचं. पहिल्या शब्दांत कंपनी सांगते की आम्ही किती भरले. तुम्हाला हवं असतं ते दुसरं.

---

बाळगुटी | रविवार, सायंकाळी ६:२०

मी बालरोगतज्ज्ञ, साताऱ्याला दवाखाना आहे. @सदाफुली, ताईंनी सांगितलं तेच पुन्हा सांगतो, कारण रोज हीच गल्लत बघतो. लहान मुलांच्या जुलाबात जीव वाचवतं ते ओआरएस, आणि त्यासोबत १० ते १४ दिवस झिंक. प्रोबायोटिक त्यानंतर येतं. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं तर इथे लिहीत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. आणि पिशवीवर सांगितलं तेवढ्याच पाण्यात ओआरएस करा. अर्धी पिशवी अंदाजाने कपभर पाण्यात घातलेली मी पाहिली आहे, ते धोक्याचं आहे.

---

कवडीदही | रविवार, रात्री ९:०२

माझी आजी विरजण जिवंत आहे का ते दुधात घालून बघायची. मी कॅप्सूलचंही तेच करते. कोमट दुधात उघडून टाकते, सकाळी दही लागलं तर कॅप्सूल चांगली. ही परीक्षा कितपत खरी?

---

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:१५

@कवडीदही, परीक्षा खरी आहे, पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: "कुणी आहे का घरात?" किती आहेत ते नाही सांगत.

हिशोब बघा. कोमट दुधात हे जीवाणू समजा ४० मिनिटांत दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट म्हणजे १,०२४ पट. त्याला लागतात साधारण पावणेसात तास. म्हणजे तुमच्या कॅप्सूलमधल्या हजारातले ९९९ मेले असतील तरी दही लागेलच, फक्त पावणेसात तास उशिरा. रात्री विरजलेलं सकाळी नाही, तर दुपारी लागेल.

उलट बाजूही आहे. कॅप्सूलमध्ये सॅकरोमायसिस बूलार्डी असेल तर ते यीस्ट आहे, दह्याचा जीवाणूच नव्हे. बॅसिलस क्लॉसीचंही तसंच. दोन्ही ठणठणीत जिवंत असले तरी तुम्हाला कवडीचं दही मिळणार नाही आणि तुम्ही चांगली कॅप्सूल फेकून द्याल. शिवाय स्वयंपाकघरातलं दूध, चमचा, वाटी यांच्यात आधीपासून जीवाणू असतात. दही त्यांच्यामुळे लागलं की कॅप्सूलमुळे ते कळायला शेजारी कॅप्सूल न घातलेली दुसरी वाटी ठेवायला हवी.

आणि घरचं दही खाच! मी रोज खाते. त्यात जिवंत जीवाणू भरपूर असतात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात योगर्टमध्ये ग्रॅमला किमान १ कोटी विरजणाचे जीवाणू मागितले आहेत. पण प्रोबायोटिक म्हणायला कुठला वाण, किती मात्रा आणि कशावर उपयोग झाला हे माणसांवर तपासलेलं असावं लागतं. आपल्या विरजणाची वंशावळ कुणाला माहीत नसते.

---

मानकुराद | सोमवार, सकाळी ८:२५

म्हापशाहून लिहितोय. इथे जून लागला की मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात. वर ताईंनी ओलीबद्दल लिहिलं त्यावरून विचारतो. साठ कॅप्सूलांची मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेतो आणि रोज उघडतो. म्हणजे रोज पावसाची हवा आत सोडतोय का?

आणि कोड्याबद्दल: ओल झोपलेल्या जीवाणूला मारते असं म्हणता, मग तपासताना तर त्याला सरळ पाण्यातच टाकता. तिथेच काही घडत असेल का?

---

गोदाकाठ | सोमवार, दुपारी २:३०

@मानकुराद, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत!

बाटलीचं आधी. हो, पावसाळ्यात कोकण-गोव्यात एकेक कॅप्सूल वेगळी बंद असलेली ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. बाटलीच असेल तर आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, झाकण लगेच लावा. आणि फ्रिजमधून काढलेली गार बाटली लगेच उघडू नका. मीठ ओलं करणारी तीच हवा आतल्या गार कॅप्सूलांवर दव धरते.

आता कोडं. शेवटी आम्ही त्या लॅबला विनंती केली की आमच्यापैकी एकीला तुमच्याकडे येऊन नुसतं बघू द्या. मी गेले. त्यांच्या मुलीने नमुना तोलला, फ्रिजमधून द्रावणाची बाटली काढली आणि पावडर त्या गार द्रावणात टाकून मिनिटभर हाताने हलवली. लगेच पुढची नळी, मग पुढची. हात इतका सफाईदार की बघत राहावं. मला उत्तर तिथल्या तिथे मिळालं.

फ्रीझ ड्राय करताना पेशीतलं पाणी काढून घेतलेलं असतं. पेशीभोवतीचं आवरण त्या कोरड्या अवस्थेत ताठ झालेलं असतं. त्यावर एकदम गार पाणी पडलं की ते आवरण नीट जुळून यायच्या आधीच पाणी आत घुसतं, आतलं बाहेर गळतं आणि झोपेतून उठायच्या बेतात असलेली पेशी मरते. आमच्याकडे द्रावण पेप्टोन (जीवाणूंचा खाऊ) घातलेलं, ३७ अंशांपर्यंत कोमट केलेलं असायचं. पावडर त्यात टाकून वीस मिनिटं निवांत ठेवायची, मग मशीनमध्ये दोन मिनिटं घुसळायची. @शेवटचं_सेमिस्टर, तुझ्या गुठळ्या या शेवटच्या पायरीत सुटतात, म्हणून निम्मं उत्तर तुझं.

त्या मुलीची चूक नव्हती. ती अन्नपदार्थांसाठी लिहिलेली पद्धत तंतोतंत पाळत होती. दह्यातला जीवाणू आधीच ओला आणि जागा असतो, त्याला गार द्रावणाने काही होत नाही. तीच पद्धत कोरड्या पावडरीला लावली तिथे घोळ झाला. आम्ही दोघींनी शेजारी शेजारी बसून तोच नमुना पुन्हा लावला, एकदा तिच्या पद्धतीने, एकदा आमच्या. चार दिवसांनी तिचा फोन आला: गार द्रावणात ८०, कोमट द्रावणात २९० कोटी. ३२० आणि २९० मधला फरक मोजणीच्या नेहमीच्या चुकीत बसतो. माल परत आला नाही. आमच्या प्रमाणपत्रावर त्यानंतर आकड्याखाली द्रावणाचं तापमान आणि थांबायची मिनिटं छापायला लागलो. ते मी भांडून करून घेतलं.

---

आंबेमोहर | सोमवार, सायंकाळी ५:५०

ताई, सगळं समजलं आणि पहिल्या प्रतिसादातला संशय मी मागे घेतो. पण आता दुसरी शंका आली. तुम्ही त्या जीवाणूंना कोमट पाणी, खाऊ, वीस मिनिटं विश्रांती, सगळे लाड करून उठवता आणि मग मोजता. माझ्या जठरात त्यांचे असे लाड कोण करणार? तिथे आम्ल आहे. मग ३२० खरं की ७०?

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:२०

@आंबेमोहर, हा धागा काढल्याचं सार्थक झालं असं वाटायला लावणारा प्रश्न आहे.

तुमच्या जठरातून पार होऊन आतड्यात किती पोचतील, ते ३२० सांगत नाही आणि ७० ही सांगत नाही. दोन्ही आकडे पाकिटात काय आहे त्याचे आहेत. मग लाड करून मोजलेला का धरायचा? कारण ज्या अभ्यासात त्या वाणाचा उपयोग दिसला, त्यातली मात्राही पाकिटातच मोजलेली असते, जीवाणूंना नीट उठवून. अभ्यासात लोकांना रोज १०० कोटी दिले असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते १०० कोटी पुडीतले असतात. जठरात त्यातले किती मेले तो हिशोब निकालात आपोआप आलेला असतो. म्हणून तुमच्या पुडीचा आकडा अभ्यासातल्या पुडीच्या आकड्याशी ताडायचा, आणि दोन्ही एकाच मापाने मोजलेले असायला हवेत. एकीकडे शेर आणि दुसरीकडे किलो घेऊन भाव ठरवता येत नाही.

याच कारणाने आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलचं वेगळं बघावं लागतं. ते आवरण आम्लात उघडत नाही, म्हणून आम्ही ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये कॅप्सूल पूर्ण सुटू देतो. ती अर्धवट उघडलेली असताना मोजलं तर आत कोट्यवधी जिवंत असूनही डिश रिकामी दिसेल.

मिश्र कॅप्सूलबद्दलही सांगायला हवं. "१४ वाण, एकूण ५,००० कोटी" असं असतं ना? साध्या प्लेटवर सगळ्यांचे ठिपके पांढुरके, एकसारखे. कुणाचे किती ते कळत नाही. बिफिडोबॅक्टेरियम वेगळे काढायला अगारमध्ये म्युपिरोसिन हे प्रतिजैविक घालतात, ते लॅक्टोबॅसिलसला रोखतं आणि बिफिडोला चालतं. ॲसिडोफिलससाठी क्लिंडामायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. पण एकाच जातीचे दोन वाण असतील तर अगारला ते वेगळे कळत नाहीत. वाणवार आकडा सांगणारी १४ वाणांची कॅप्सूल दिसली तर कंपनीला लिहा, कुठल्या पद्धतीने मोजलं ते विचारा. बहुधा मिसळायच्या आधी प्रत्येक वाणाची पावडर वेगळी मोजून बेरीज केलेली असते. नंतर कोण तगलं आणि कोण मेलं ते त्या बेरजेत नसतं.

---

बाळगुटी | सोमवार, रात्री १०:४५

ताईंच्या मुद्द्याला दवाखान्याच्या बाजूने जोड देतो.

२०१७ साली ओडिशाच्या खेड्यांमधल्या नवजात बाळांवरचा मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये आला, पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांचा. साडेचार हजारांहून जास्त बाळं होती. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक वाण, रोज साधारण १०० कोटी, सोबत थोडं फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, फक्त सात दिवस. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ९ टक्के होतं, मिळालेल्या गटात ५.४ टक्के. मी तो निबंध वाचला तेव्हा हात थरथरले, कारण सेप्सिसने गेलेली बाळं आम्ही हातात धरलेली असतात.

आता २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला अभ्यास बघा. अमेरिकेत पोट बिघडून इमर्जन्सीत आलेली ९७१ मुलं होती. त्यातल्या साधारण निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीजी दिला, बाकीच्यांना औषध नसलेली नुसती पुडी; १,००० कोटी, दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे ओडिशाच्या वीसपट. काहीही फरक पडला नाही.

दोन्हींमधला वाण वेगळा, वय वेगळं, आजार वेगळा. म्हणून दुकानात "जास्त कोटीवाली द्या" म्हणून मागणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगतो: आधी वाण बघा, मग तो वाण तुमच्या मुलाच्या त्रासावर तपासलाय का ते विचारा, कोटी त्यानंतर. आणि ओडिशाची बाळं किमान ३५ आठवड्यांची आणि किमान दोन किलोंची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना स्वतःहून प्रोबायोटिक देऊ नका. त्यांच्यात हेच जीवाणू रक्तात उतरू शकतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, त्याबद्दल डॉक्टरांना सावध केलं आहे.

---

हडसनपार | मंगळवार, पहाटे ५:१०

न्यू जर्सीहून. इथल्या बाटल्यांवर पूर्वी फक्त मिलिग्रॅम असायचे, कारण नियमात वजन मागितलंय. मेलेल्या जीवाणूंचंही वजन तेवढंच भरतं! २०१८ मध्ये एफडीएने मसुदा काढला की वजनाच्या जोडीला सीएफयू लिहिले तर हरकत घेणार नाही. आता बहुतेक बाटल्यांवर दोन्ही दिसतात. पण परवा एका युरोपीय कंपनीच्या पुडीवर सीएफयूऐवजी एएफयू पाहिलं. ही काय भानगड आहे?

---

शेवटचं_सेमिस्टर | मंगळवार, सकाळी ९:३५

हे मला येतं, मॅडम, मी सांगू का?

@हडसनपार, एएफयू म्हणजे ॲक्टिव्ह फ्लुओरेसंट युनिट. फ्लो सायटोमीटरमधून मोजलेला आकडा. पेशींना दोन रंग देतात. एक रंग सगळ्या पेशींत शिरतो. दुसरा, प्रोपिडियम आयोडाइड, फक्त आवरण फाटलेल्या पेशींत शिरू शकतो. मग पेशी एका बारीक धारेतून लेसरसमोरून एकेक करून जातात आणि यंत्र प्रत्येकीचा रंग टिपतं. हिरवी म्हणजे शाबूत, लाल म्हणजे मेलेली. चार दिवसांऐवजी तासाभरात निकाल. २०१५ पासून यासाठी आयएसओ १९३४४ हे मानकही आहे. जिवंत आणि मेलेल्या मिळून जो आकडा येतो त्याला टीएफयू म्हणतात.

आमच्या सरांनी एकाच पावडरीवर दोन्ही करून दाखवलं तेव्हा सायटोमीटरचा आकडा प्लेटपेक्षा जास्त आला. काही पेशी जिवंत असतात पण अगारवर वाढत नाहीत, त्यांना व्हायेबल बट नॉन-कल्चरेबल म्हणतात. प्लेटला त्या दिसतच नाहीत.

---

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १२:१५

शाब्बास! एवढंच जोडते की आवरण शाबूत असणं म्हणजे पेशी वाढू शकणं नव्हे, आणि अगारवर न वाढणं म्हणजे मेलेली असणंही नव्हे. दोन यंत्रं दोन वेगळे प्रश्न विचारतात. म्हणून एएफयूचा आकडा सीएफयूच्या आकड्याशेजारी ठेवून "हे जास्त ताकदीचं" असं म्हणू नका. जुने बहुतेक अभ्यास सीएफयूत आहेत. आपल्याकडच्या २०१६ च्या एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमांतही दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी सीएफयू मागितलेत. माझं स्वतःचं मत असं की कंपन्यांनी काही वर्षं दोन्ही आकडे छापावेत.

@सदाफुली, बाळ कसं आहे? नाव अजून कळवलं नाहीत.

---

सदाफुली | मंगळवार, सायंकाळी ७:०५

ताई, डॉक्टर, बाळ आता बरं आहे. जुलाब थांबले, आज वरणभात मागून खाल्ला. दोन दिवस ओआरएस आणि झिंकवरच लक्ष ठेवलं, सॅशे दिले नाहीत.

नाव बघितलं: "लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस". लॅक्टोबॅसिलस आहे म्हणजे तुमच्या सांगण्याप्रमाणे उन्हात गेलेच ना? दहाचं पाकीट आहे, फेकायला जीव होत नाही.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:३०

वरणभाताचं वाचून फार बरं वाटलं.

फेकू नका. हे नाव जुनं आहे आणि चुकीचं ठरलेलं आहे, पण आपल्याकडच्या पाकिटांवर अजून चालतं. हा लॅक्टोबॅसिलस नाहीच. हा बॅसिलस कोॲग्युलन्स. @कवडीदही यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे तो पहिल्यांदा १९१५ साली अमेरिकेत आयोवामध्ये सापडला, डबाबंद आटवलेलं दूध का साखळतं ते शोधताना. दूध डब्यात भरून तापवलेलं असतानाही हा आत टिकून होता, कारण तो बीजाणू करतो. पेशी स्वतःभोवती जाड कवच करून आत पडून राहते. तुमच्या सॅशेत हेच बीजाणू आहेत.

लॅबमध्ये याची मोजणी करताना आम्ही नमुना मुद्दाम ७५ ते ८० अंशांच्या पाण्यात ठेवतो. त्यात कवच नसलेल्या पेशी मरतात आणि उरलेले बीजाणू उष्णतेच्या धक्क्याने उगवायला तयार होतात. त्यानंतर प्लेट लावतो. तुमचं खोकं फार तर ५०-५५ अंशांपर्यंत तापलं असेल. पाकिटं फुटलेली किंवा ओली नसतील आणि मुदत असेल तर कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वेळी लागले तर डॉक्टरांना नाव दाखवून मगच द्या.